हिरडीतील रक्त आणि हृदयाचे दुखणे



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत रक्तदाब, साखर, गुडघेदुखी आणि मुलींचा रक्तक्षय यांविषयी नेहमी विचारणा होते. दातांविषयी क्वचितच कोणी लिहिते. दात दुखला की लवंग दाबायची, सूज आली की मेडिकलवाल्याकडून गोळी आणायची आणि दात हलू लागला की काढून टाकायचा, एवढाच आपल्या वस्तीतला दातांचा कारभार. हिरडीतून रक्त येणे हे तर दुखणेच मानले जात नाही. 'उष्णता वाढली', 'ब्रश टोचला' असे म्हणून चूळ भरली की विषय संपला.

परंतु हिरड्यांचा आजार आणि हृदयाचा व रक्तवाहिन्यांचा आजार यांच्यात काही नाते आहे काय, यावर गेली पस्तीसेक वर्षे जगभर संशोधन चालू आहे. त्याची माहिती आपल्या घरांपर्यंत अर्धीमुर्धी पोचते. कोणी सांगतो, हिरड्या सुजल्या की हार्ट अटॅक येणारच. कोणी म्हणतो, हे सगळे पेस्टवाल्यांचे धंदे आहेत. दोन्ही बोलणी खरी नाहीत. आम्ही डॉक्टर नव्हे, जमाखर्च तपासणारे कारकून. म्हणून कोणता पुरावा किती वजनाचा, हे पाहूनच पुढचा मजकूर लिहिला आहे.

प्रथम हिरडीचे पाहू. दात जबड्याच्या हाडात रोवलेला असतो आणि त्याच्या मुळाशी हिरडी कॉलरसारखी घट्ट बसलेली असते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरची बारीक खाच असते. आपण खातो त्याचे कण व तोंडातले जंतू मिळून दातावर एक चिकट पापुद्रा तयार होतो. त्याला डॉक्टर प्लाक म्हणतात. रोज ब्रशने घासला तर तो निघतो. राहिला तर थोड्याच दिवसांत लाळेतील क्षारांमुळे त्याचा दगड होऊ लागतो. हेच ते पिवळट-काळपट कीटण. एकदा कीटण झाले की ते ब्रशने निघत नाही, कितीही जोर लावा. त्याच्या खरबरीत पाठीवर आणखी जंतू बसतात, हिरडी लाल होते, सुजते आणि घासताना रक्त येते. या पायरीवर दात साफ करून घेतले तर हिरडी पूर्ववत होते, काहीही नुकसान राहत नाही.

दुर्लक्ष केले तर मात्र सूज खाली उतरते. खाच खोल होऊन तिची पिशवी बनते, तिच्यात पू साठतो, दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. यालाच आपल्याकडे पायरिया म्हणतात. तोंडाला वास येतो, दात लांब झाल्यासारखे दिसतात, त्यांच्यात फटी पडतात, शेवटी ते हलू लागतात. गेलेले हाड परत येत नाही, फक्त पुढची झीज थांबवता येते. आणि वाईट भाग असा की हे सर्व बहुधा न दुखता चालते. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही आणि जातो तेव्हा उशीर झालेला असतो.

आता हृदयाचे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचा थर साठत जातो. ही नुसती पाइपात गाळ साठण्यासारखी गोष्ट नव्हे. त्या थरात सूजही असते. सूज वाढली की थराचे वरचे आवरण फाटते, तेथे रक्ताची गुठळी धरते, धमनी बंद होते आणि हृदयाचा झटका येतो. मेंदूच्या धमनीत असे घडले तर अर्धांगवायू होतो. धमनीतल्या या थरालाही इंग्रजीत प्लाकच म्हणतात, आणि त्यामुळे दातांवरचा प्लाक रक्तातून जाऊन हृदयात बसतो असा पुष्कळांचा समज झाला आहे. नाव एक असले तरी वस्तू दोन आहेत.

मग नाते कोठे आहे? डॉक्टर दोन वाटा सांगतात. पहिली वाट जंतूंची. सुजलेल्या हिरडीच्या पिशवीतले कातडे फाटके असते. घास चावताना वा ब्रश करताना तेथून जंतू रक्तात शिरतात. निरोगी शरीर त्यांचा लगेच निकाल लावते, पण रोजच्या रोज ही ये-जा चालू राहते. पायरियाच्या जंतूंपैकी पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस नावाचा एक फार बदनाम आहे. शस्त्रक्रियेत मानेच्या धमनीतून काढलेल्या थरांची तपासणी झाली, तेव्हा त्यांत अशा जंतूंची जनुकीय खूण सापडली. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत ५० थरांपैकी ४४ टक्क्यांत ती होती. पण चोरीच्या घरात एखाद्याच्या चपलेचा ठसा सापडला म्हणजे चोरी त्यानेच केली असे होत नाही. तो नंतरही आलेला असू शकतो.

दुसरी वाट सुजेची. पायरिया पुष्कळ दातांना झाला असेल तर त्या सर्व पिशव्यांचा आतला पृष्ठभाग उलगडून मांडल्यास तो आठ ते वीस चौरस सेंटिमीटर भरतो, असा एक हिशेब आहे. हातावर एवढी ओली, पू वाहणारी जखम असती तर कोणी वर्षानुवर्षे तशीच ठेवली असती काय? तोंडातली दिसत नाही, एवढाच फरक. अशा जखमेमुळे साऱ्या शरीरात सुजेचे द्रव्य फिरत राहते. यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन नावाचा पदार्थ जास्त तयार करते, आणि हा पदार्थ ज्यांच्या रक्तात जास्त असतो त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळतो.

ही झाली तर्काची बाजू. प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो ते पाहताना थोडे मागे गेले पाहिजे, कारण या विषयात वैद्यकशास्त्राने एकदा चांगलाच हात पोळून घेतला आहे. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात एक भाषण केले. तोंडातील कुजकेपणा हाच अनेक आजारांचे मूळ आहे, असे त्याचे म्हणणे होते. ते भाषण असे गाजले की पुढे काही दशके युरोप-अमेरिकेत संधिवातापासून अनेक दुखण्यांवर उपाय म्हणून माणसांचे दात सरसकट उपटले गेले. धडधाकट दातही गेले. १९३० नंतर लक्षात येऊ लागले की दात गेले, पण दुखणी राहिलीच. त्यानंतर हा विचार इतका बदनाम झाला की दात आणि शरीर यांचा संबंध जोडणाऱ्याकडे डॉक्टर संशयाने पाहू लागले.

मग १९८९ साली फिनलंडमधून एक छोटा अहवाल आला. मॅटिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाचा झटका आलेले १०० रुग्ण आणि तसा झटका न आलेली १०२ माणसे यांच्या दातांची तपासणी केली. झटका आलेल्यांचे दात व हिरड्या जास्त खराब निघाल्या. वय, धूम्रपान, साखर, रक्तातील चरबी आणि सामाजिक स्थिती यांचा हिशेब वजा करूनही फरक उरला. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आल्यावर जुना प्रश्न पुन्हा उघडला. १९९३ साली अमेरिकेतील ९,७६० माणसांच्या पाहणीतून निष्कर्ष निघाला की पायरिया असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा २५ टक्के जास्त होता. परंतु सन २००० मध्ये त्याच पाहणीचे आकडे दुसऱ्या संशोधकांनी वेगळ्या रीतीने तपासले, तर त्यांना खात्रीलायक संबंध दिसेना! वही एकच, पण ताळेबंद दोन. आम्हा कारकुनांना याचे आश्चर्य वाटत नाही.

आकडे असे का हलतात, याचे कारण साधे आहे. पावसाळ्यात ज्या घरात छत्र्या ओल्या असतात, त्याच घराच्या भिंतींना ओल आलेली असते. छत्रीमुळे भिंत ओली झाली असे कोणी म्हणत नाही, दोहोंचे कारण पाऊस. तसाच तंबाखू हिरड्याही बिघडवतो आणि हृदयही. मधुमेहाचे तसेच. आणि गरिबीचेही तसेच. म्हणून पायरियावाल्याला झटका आला तर तो पायरियाने आला की तंबाखूने, हे वेगळे काढणे फार अवघड जाते. सन २०१६ मध्ये स्वीडनमधून आलेल्या अहवालाला वजन आहे ते याचमुळे. त्यांनी पहिला झटका आलेले ७५ वर्षांखालील ८०५ रुग्ण घेतले आणि त्याच वयाची, त्याच भागातली, झटका न आलेली ८०५ माणसे घेतली. दातांचे एक्स-रे काढले. रुग्णांमध्ये ४३ टक्के जणांना पायरिया होता, इतरांमध्ये ३३ टक्के. धूम्रपान, साखर, शिक्षण वगैरे वजा करूनही पायरियावाल्यांचा धोका २८ टक्के जास्त उरला. २०१० साली स्कॉटलंडमधील अकरा हजारांवर लोकांच्या पाहणीत दिवसातून एकदाही नेमाने दात न घासणाऱ्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका दोनदा घासणाऱ्यांपेक्षा ७० टक्के जास्त दिसला होता. मात्र दात न घासणारा माणूस इतर बाबतींतही हयगय करतो, हे येथे विसरू नये.

संबंध आहे हे मानले, तरी पायरिया बरा केला म्हणजे झटका टळतो काय? लाखमोलाचा प्रश्न हाच. २००७ साली लंडनमध्ये गंभीर पायरियाच्या १२० रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना साधी सफाई दिली, निम्म्यांचे दात खोलवर साफ करून कसून उपचार केले. दुसऱ्याच दिवशी कसून उपचार झालेल्यांच्या धमन्यांची प्रसरण पावण्याची शक्ती कमी झालेली दिसली, कारण एवढी खरवड केल्यावर सूज उसळली. पण सहा महिन्यांनी पाहिले तर त्यांच्या धमन्या दुसऱ्या गटापेक्षा चांगल्या काम करीत होत्या. हा निकाल आशादायक आहे. तथापि धमनी चांगली चालणे वेगळे आणि झटका टळणे वेगळे. सन २०१२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सर्व पुरावा तपासून सांगितले की हिरड्यांचा आजार आणि धमन्यांचा आजार यांच्यात इतर कारणे वजा करूनही संबंध दिसतो, पण पहिल्यामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही आणि हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकार टळतो असेही सिद्ध झालेले नाही. तेव्हापासून संबंधाचा पुरावा वाढत गेला आहे, पण झटका टळल्याचा पक्का पुरावा अद्याप हाती नाही. म्हणून दात साफ करून घ्या, हार्ट अटॅक टाळा अशी पाटी लावून कोणी शिबिर भरवले तर सावध राहावे. रक्तदाबाची गोळी बंद करून दातांकडे वळणे हा तर शुद्ध वेडेपणा होईल.

मधुमेहाच्या बाबतीत पुरावा जास्त पक्का आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही, असा दुहेरी फेरा आहे. पायरियावर उपचार केल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी तपासणी असते ती साधारण ०.४ टक्क्याने उतरते, असे अनेक प्रयोगांतून दिसले आहे. आकडा लहान वाटेल, पण मधुमेही माणसाने डॉक्टरांना विचारून पाहावे, ते त्याला लहान म्हणणार नाहीत. आणि मधुमेह हा हृदयविकाराचा जुना सोबती आहेच.

तंबाखूविषयी मात्र मोकळेपणाने लिहिले पाहिजे, कारण आपल्या घरांत हिरडी आणि हृदय या दोघांचा समान शत्रू तोच आहे. आपल्या कित्येक माता-भगिनी सकाळी उठल्याबरोबर तव्यावर भाजलेली मिश्री बोटाने दाताला लावून बसतात. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, कामाला हात चालत नाही असे सांगतात. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली, दाढ दुखली की आईच तिच्या बोटावर चिमूटभर ठेवते. हे दात घासणे नव्हे, हे व्यसन आहे. दात घासण्याच्या नावाखाली तंबाखू पोटात जातो, निकोटिनने नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. जेथे मिश्री वा तंबाखूची गोळी धरतात तेथली हिरडी मागे सरते, दाताचे मूळ उघडे पडते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर सर्वांना ठाऊक आहे. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ सालीच मनाई केली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पुडी कोठे मिळते हे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. आणि व्यसनमुक्तीच्या सभेत दारूवर तासभर बोलणारे आमचेच काही कार्यकर्ते सभा संपताच मंडपामागे हातावर तंबाखू मळताना दिसतात. त्यांची नावे येथे देत नाही, त्यांनी ती स्वतःशी घ्यावीत.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. धूम्रपानाने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे पायरिया असूनही रक्त कमी येते. 'माझ्या हिरडीतून कधी रक्त येत नाही' असे सांगणारा बिडीवाला निरोगीच असेल असे नाही. उलट बिडी सोडल्यावर काही दिवस रक्त जास्त दिसू लागते, तेव्हा घाबरून पुन्हा बिडी धरू नये.

गरिबीही वजा करता येत नाही, असे वर म्हटले. त्याचा अर्थ आपल्याला पुस्तकातून शोधावा लागत नाही. सार्वजनिक नळाला तासभर पाणी, त्यात भांडी, कपडे, अंघोळी, रात्रपाळी करून आलेला माणूस तोंड न धुताच पडतो. दवाखान्यात जायचे म्हणजे एक खाडा, आणि दात साफ करण्यासाठी खाडा करणारा रोजंदार आम्ही तरी पाहिला नाही. एका ब्रशवर घर चालते, हेही पाहिले आहे. हे कृपा करून बंद करावे. प्रत्येकाचा ब्रश वेगळा हवा.

आता हृदयाचा असा एक आजार सांगतो ज्यात दातांचा संबंध जर-तरचा नाही, पक्का आहे. लहानपणी घसा दुखून नंतर सांधे धरणारा ताप येतो. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. दाटीवाटीच्या घरांतल्या मुलांना तो जास्त होतो. सांधे बरे होतात, पण काही मुलांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. अशा खराब झडपेवर, किंवा बसवलेल्या कृत्रिम झडपेवर, रक्तातून फिरणारे तोंडातले जंतू घर करू शकतात. निरोगी झडपेवर ते टिकत नाहीत, खडबडीत झडपेवर टिकतात. मग दिवसेंदिवस ताप राहतो, वजन उतरते, झडप कुरतडली जाते. हा आजार माणसाचा जीव घेतो.

आमच्या परिचयातील एका कुटुंबातल्या बावीस वर्षांच्या मुलीची झडप बदलायची होती. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मंजुरी आली, तारीख मिळाली, आणि ऐनवेळी डॉक्टरांनी सांगितले, आधी दातांच्या डॉक्टरांचा दाखला आणा. तिच्या दोन दाढा कुजलेल्या होत्या आणि हिरड्यांतून पू येत होता. ऑपरेशन पुढे ढकलले गेले. तिचे वडील संतापून आमच्याकडे आले. "भाऊ, छातीचं ऑपरेशन आन् दाताचा काय संबंध? गरिबाला टाळायचं म्हणून हे नवीन खूळ काढलंय. तुम्ही चला, एक मोर्चाच नेऊ." त्यांच्या संशयाला आम्ही हसलो नाही. दवाखान्यांतून आपल्या माणसांना कसे उत्तर मिळते याचा अनुभव कोणाला नाही? पण सोबत जाऊन विचारले तेव्हा एका तरुण डॉक्टरबाईंनी खुर्ची देऊन नीट समजावले. नवीन झडप बसवल्यावर जंतू तिच्यावर बसले तर दुसरे ऑपरेशन करावे लागते, आणि त्यातून रुग्ण वाचेलच असे नाही. म्हणून झडप बदलण्याआधी तोंड साफ करून घेण्याची रीत आहे. दाढा काढल्या, हिरड्या साफ केल्या आणि काही आठवड्यांनी ऑपरेशन झाले. हे आधीच शांतपणे सांगितले असते तर त्या बापाची दोन रात्रींची झोप गेली नसती, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

ज्यांच्या झडपा खराब आहेत वा बदललेल्या आहेत, ज्यांना हृदयाचे जन्मजात दुखणे आहे, त्यांनी दात काढण्यापूर्वी किंवा साफ करण्यापूर्वी दातांच्या डॉक्टरांना ही गोष्ट न विचारता सांगावी आणि हृदयाचे कागद दाखवावेत. काही रुग्णांना त्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागतो. दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगावे. ते इंजेक्शन पुन्हा ताप येऊ नये म्हणून असते, दाताच्या कामाला ते पुरेसे धरत नाहीत.

घरी काय करावे, ते सर्वांना माहीत आहे, पण करीत नाही कोणी. मऊ ब्रश, फ्लोराइड असलेली साधी पेस्ट, दोन मिनिटे, दोन वेळा. त्यातही रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे जास्त महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते व जंतूंना मोकळे रान मिळते. ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरका धरून हलक्या हाताने फिरवावा. रक्त येते म्हणून त्या जागी घासणे सोडू नये, तेथेच जास्त जपून घासावे. राखुंडी, विटेची भुकटी, कोळसा, वाळू यांनी दात पांढरे दिसतात खरे, पण वरचा कठीण थर घासून जातो. मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरल्यास बरे वाटते, पण कीटण निघत नाही. कडुनिंबाची काडी चावणे चांगलेच. विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिली आहे आणि ते न वापरल्याने तोंडाला दुर्गंधी येते, अन्नाला चव लागत नाही, असे पाच तोटे सांगितले आहेत. मात्र काडी दातांच्या मागच्या बाजूला नीट पोचत नाही, म्हणून तिच्या जोडीला ब्रश असावा.

कीटण काढून घेतल्याने दात सैल होतात, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. खरा प्रकार असा की हाड आधीच झिजलेले असते आणि कीटणाच्या दगडाने दात एकमेकांना जखडलेले असतात. दगड निघाला की सैलपणा उघड होतो. काही दिवस थंड पाणी झोंबते, फटी जाणवतात, पुढे हिरडी आवळून बसते. हे काम फूटपाथवर पेटी मांडून बसणाऱ्याकडून करून घेऊ नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालयांत दंतविभाग असतो. तेथे रांग लागते, पण खाजगीच्या मानाने खर्च नगण्य येतो. कामगार विमा योजनेचे कार्ड असेल त्यांनी आपल्या दवाखान्यात चौकशी करावी. एकाच खाड्यात घरातल्या दोघा-तिघांचे काम उरकता येते.

आणखी एक. दुखणे दातात वाटते, पण दाताचे नसते, असेही घडते. चालताना, जिना चढताना खालचा जबडा दुखू लागतो आणि थांबले की राहतो, किंवा जबड्याबरोबर छातीत दडपण, घाम, डाव्या हातात कळ असेल, तर लवंग शोधू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

आता गेल्या महिन्यातील पत्रांपैकी या विषयाशी जुळणारी दोन. नाशिकच्या एका भगिनींनी लिहिले आहे की रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून त्यांच्या हिरड्या फुगून दातांवर चढल्या आहेत. ताई, गोळीच्या पाकिटावर अ‍ॅम्लोडिपिन किंवा निफेडिपिन असे नाव आहे काय ते पाहा. या औषधांनी काही जणांच्या हिरड्या वाढतात, आणि दातांवर कीटण असेल तर जास्त वाढतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, त्याने रक्तदाब उसळेल. पाकीट घेऊन ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांना हिरड्या दाखवा, ते औषध बदलून देऊ शकतात. दात साफ करून घेतल्यानेही फुगवटा कमी होतो.

कल्याणच्या एका कामगार बंधूंना दोन वर्षांपूर्वी झटका येऊन स्टेंट बसवला आहे. दाढ काढायची आहे, आणि शेजाऱ्याने सल्ला दिला की रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आठ दिवस बंद करून मग दाढ काढावी. भाऊ, तसे करू नका. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या गोळ्या मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती असते. दाढेचे रक्त कापसाचा बोळा दाबून, टाका घालून थांबवता येते. दोन्ही डॉक्टरांची एकमेकांशी चिठ्ठीद्वारे का होईना गाठ घालून द्या, डिस्चार्ज कार्ड व चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या, आणि दाढ सकाळच्या वेळी काढून घ्या, म्हणजे रक्त थांबले नाही तर दिवसाउजेडी पुन्हा दाखवता येईल.